बाळापूरचं इंजेक्शन

शिवकन्येनं कुपी आईच्या तळहातावर ठेवली आणि लगेच आपल्याच हातानं आईची मूठ मिटवली.

"वैनीच्या कपाटात सापडली. साड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून ठेवली व्हती. माय, मी म्हनलं व्हतं का न्हाई तुला?"

नर्मदाबाईनं मूठ उघडून पाहिली. अंगठ्याएवढी काचेची कुपी, वर रबरी बूच, बुचावर पत्र्याचं टोपण. आत चिमटीभर पांढरी भुकटी. चिठ्ठीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती नर्मदाबाईला वाचता येत नव्हती आणि शिवकन्येला वाचता आली तरी कळली नव्हती.

पलीकडे हळदीचा कुकर फुसफुसत होता. शिजलेल्या हळदीचा उग्र, मातकट वास सगळ्या शेतावर पसरला होता. नर्मदाबाईचा मुलगा सोमेश्वर वाफेची तोटी बघत उभा होता. माणसं पाट्यांनी गरम कंद ताडपत्रीवर नेऊन ओतत होती. शिरड शहापूरच्या शिवारात या दिवसांत कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून तर लग्न झालेली शिवकन्याही साखऱ्याहून आईच्या मदतीला आली होती. आली त्या दिवसापासून तिचा एक डोळा हळदीवर होता आणि एक भावजयीवर.

"मूल होऊ नये म्हनून टोचून घेतात ना, तेच हाय हे," शिवकन्या पुटपुटली. "सरकारी दवाखान्यात बी देतात."

"ते तर तीन महिन्याला असतंय म्हनं. ही तर तीन आठवड्याला पळती बाळापूरला."

"मग पक्कं काम करून राहिली असंल!"

नर्मदाबाईनं कुपी कमरेच्या बटव्यात टाकली. सृष्टी लग्न होऊन या घरात आली त्याला तीन वर्षं होत आली. पोरगी कामाला वाईट नव्हती, उलट उत्तरंही देत नव्हती. पण दर तीन आठवड्यांनी तिला आखाडा बाळापूरचं माहेर आठवायचं. सकाळी जायची, दिवस मावळायच्या आत परत यायची. आल्यावर बाजेवर एका कुशीवर बसायची आणि दुसऱ्या दिवशी थोडी लंगडायची. विचारलं तर म्हणायची, कमरेत उसण भरली. दर तीन आठवड्यांनी बराबर कशी उसण भरते, हे नर्मदाबाईला कधी उमगलं नव्हतं. नातवाचं तोंड मात्र अजून दिसलं नव्हतं.

म्हणून यंदा हळद काढायला सुरुवात झाली तेव्हाच तिनं बजावलं होतं, "हळद निघून वाळेपर्यंत माहेर बंद." सृष्टीनं नवऱ्याकडे पाहिलं होतं. सोमेश्वरनं तोंड उघडलं आणि परत मिटलं होतं. नर्मदाबाईनं ते दोघांचं बघणं नीट टिपून ठेवलं होतं.

त्यानंतर सृष्टीचा घसा धरला. तो सुटला, पण आता सांधे धरले होते. आधी गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा टम्म झाला.

"दुखनं बी गाव बदलून राहिलं," शिवकन्या म्हणाली. "काम आलं की असंच असतंय."

नर्मदाबाई हसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गावाकडे निघाली.

*

पुनमचंदचं मेडिकल वेशीजवळ होतं. नर्मदाबाईनं आधी गुडघ्याला चोळायचा मलम मागितला, मग इकडेतिकडे बघून बटव्यातली कुपी काउंटरवर ठेवली.

पुनमचंदनं चष्मा चढवला. "ही कुठून आणली मावशी? आजकाल मिळत न्हाई लवकर. नांदेडवरनं मागवावी लागती."

"कशाचं हाय ते सांग."

"पेनिसिलीन हाय. जुनं औषध. पाण्यात घोळून कमरेखाली टोचतात. इथले डॉक्टर तर भितात टोचायला. एखाद्याला सोसत न्हाई, जीवावर बेततं."

"मूल होऊ नये म्हनून देतात का?"

पुनमचंद हसला. "छे! मूल होन्या-न होन्याचा काय संबंध?"

"मंग कशाला देतात?"

आता त्यानं हसू आवरलं. दुकानात दुसरं कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवला. "आमच्या वडलांच्या वक्ताला ट्रकवाले यायचे हे न्यायला. गरमीच्या रोगाला, मावशी. बाहेरख्याली करून होतो तो. त्याला अजून बी हेच देतात. पन त्याशिवाय आनखी..."

तेवढ्यात एक बाई लेकराच्या तापाचं औषध मागायला आली. पुनमचंद तिच्याकडे वळला आणि परत पाहतो तर काउंटरवर ना कुपी होती ना नर्मदाबाई.

ती भर उन्हात शेताची वाट तुडवत होती. शिवकन्येनं सांगितलं ते खोटं निघालं, याचा तिला जराही आनंद झाला नाही. आता जे कळलं होतं ते मनात उच्चारायचीही लाज वाटत होती. पोरगी कॉलेजात शिकलेली. हिंगोलीला खोली करून राहिलेली. कोण बघायला होतं तिथं?

वाटेतल्या ओढ्यापाशी मात्र तिचे पाय थबकले. लग्नाआधी सोमेश्वर हळदीच्या गाड्यांबरोबर सांगलीला जायचा. आठ-आठ दिवस ट्रकवाल्यांच्या संगतीत ढाब्यांवर राहायचा. रोग सुनेनं आणला असेल असं धरून ती एवढा रस्ता चालून आली होती. पण सुनेला तो कुणी दिला असेल तर? आपल्याच पोटच्या पोरानं? आणि म्हणूनच तो तोंड उघडून परत मिटत असेल तर?

ती परत चालू लागली, पण मघासारखी तरातरा नाही.

*

"भुजंगरावांना बोलवा," तिनं नवऱ्याला सांगितलं. "आत्ताच्या आत्ता."

माणिकराव ताडपत्रीवरची हळद फावड्यानं पसरवत होते. व्याह्याचं नाव ऐकताच त्यांचा हात थांबला. "काहून? काय झालं?"

"आल्यावर सांगते."

"हळद शिजू दे. चार दिवसांनी बोलवू."

"आज."

"अगं, त्यांच्या बी घरी हळद हाय. उगं कशाला मानसाला तकलीफ..."

माणिकराव एरवी व्याह्यांच्या नावानं खूश व्हायचे. आज त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो काही उन्हाचा नव्हता. कुणाबरोबर इतकी वर्षं संसार केला की त्याच्या घामातलाही फरक कळतो. नर्मदाबाईनं स्वतःच सोमेश्वरचा फोन घेतला आणि लावला.

भुजंगराव दुपारी मोटारसायकलवर आले. माणसं जेवायला बांधावर गेली होती, कुकर थंड होत होता. लिंबाच्या सावलीत बाजेवर सृष्टी पडली होती, अंगात ताप होता. बापाला पाहून ती उठून बसली. घोट्याला धक्का लागला तसे तिनं डोळे गच्च मिटले.

भुजंगरावांनी लेकीच्या कपाळाला हात लावला आणि जावयाकडे पाहिलं. "इंजेक्शन चुकवलं का?"

सोमेश्वरनं मान खाली घातली.

नर्मदाबाईला वाटलं होतं, आपण कुपी पुढे करू तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरतील. इथं तर बापानं आल्या आल्या इंजेक्शनचं नावच घेतलं होतं. तरी तिनं कुपी बटव्यातून काढली आणि बाजेवर सृष्टीच्या पुढ्यात टाकली.

"पाव्हणं, हे काय हाय? आनि कशासाठी हाय? मी दुकानात विचारून आले. कोनत्या रोगाला देतात ते मला कळलंय."

"बरं झालं कळलं ते," भुजंगराव म्हणाले.

"बरं झालं? लाज वाटत न्हाई बोलायला?"

"विहीणबाई, दुखन्याची कशाची लाज?"

शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली. "बाहेरख्यालीचा रोग हाय तो, लाज वाटायला नको? आमच्या दादाच्या गळ्यात असली पोरगी..."

"शिवकन्ये!" सोमेश्वर ओरडला. बांधावरची माणसं वळून पाहायला लागली तसा त्यानं आवाज खाली घेतला. "गप बस. म्या तुझी नणंद केली न्हाई म्हनून तीन वर्षं हिच्या मागं लागलीस तू. कपाटात हात कुनी घातला, तूच ना?"

"मायनं सांगितलं व्हतं बघ म्हनून."

नर्मदाबाईनं तसं कधीच सांगितलं नव्हतं. तिनं लेकीकडे पाहिलं. शिवकन्या तांब्याकडे पाहत होती.

भुजंगराव आता बाजेच्या कडेवर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण त्यांना काहीतरी उमजत चाललं होतं. ते हळूहळू बोलले.

"अकरा वर्षांची व्हती ही. असाच घसा धरला, मंग सांधे. आज गुडघा, उद्या कोपर. आमी शेक दिला, मालीश केली. पुढं जिना चढता चढता दम लागाया लागला, तवा नांदेडला नेलं. डॉक्टर म्हनले, घशाच्या जंतूंमुळं झालेला ताप हाय, सांध्यांवरून हृदयाच्या झडपेवर गेलाय. ते जंतू परत आले की झडप आनखी खराब होती. ते येऊ नयेत म्हनून हे इंजेक्शन. तीन आठवड्याला एक, चुकवायचं न्हाई. तवापासून चुकलं नव्हतं." ते थांबले. "हे सगळं मी लग्नाच्या बैठकीआधीच सांगितलं. एक बी गोष्ट झाकली न्हाई."

"कुनाला सांगितलं?" नर्मदाबाईनं विचारलं. "मला तर न्हाई."

भुजंगरावांनी नुसती मान वळवली. माणिकराव फावड्याच्या दांड्यावर हात टेकून उभे होते.

"त्येच म्हनले, घरात मी सांगतो. तुमी बोलू नका," भुजंगराव म्हणाले.



"तुमाला ठाव व्हतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"व्हय."

"आनि सोमेशला?"

"त्याला आधीपासून. हिंगोलीच्या कॉलेजात दोघं संगं व्हते. करीन तर हिलाच, म्हनला." माणिकरावांनी फावडं खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर तू ही सून केली असती का?"

"न्हाई."

"म्हनून न्हाई सांगितलं."

इतकी वर्षं तिनं संशयाचं बोट एकाच बाजूला रोखून धरलं होतं. आणि घरातली दोन माणसं रोज तिच्या हातचं जेवत, एकमेकांकडे न पाहता, तिच्यापासून एकच गोष्ट लपवत होती. सुनेच्या उसणीचं नवऱ्याला नवल का वाटत नव्हतं, दर खेपेला बाळापूरला जाताना मोटारसायकलमध्ये पेट्रोल आधीच कसं भरलेलं असायचं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"मंग मी माहेर बंद केलं तवा का न्हाई बोललात? दोघांपैकी कुनी बी?"

"म्या ही कुपी आनली व्हती नांदेडहून," सोमेश्वर म्हणाला. "इथंच टोचून घेऊ म्हनलं. इथला डॉक्टर न्हाई म्हनला. मंग वाटलं, हळद आटपली की नेतो. एका खेपेनं काय व्हतंय, असं वाटलं."

"आत्याबाई," सृष्टीनं हाक मारली. तिला काही सांगायचं होतं. ती बाजेवरून उठली, एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली. छाती भराभर वरखाली होत होती. गळ्याजवळची शीर उडताना नर्मदाबाईला चार हातांवरून दिसली. हे सोंग नव्हतं. सोंग करणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

"जीप काढ," ती सोमेश्वरला म्हणाली. "मी बी येते. मला माझ्या कानानं ऐकायचंय."

*

डॉक्टर तरन्नुमचा दवाखाना बाळापूरच्या मुख्य रस्त्यावर होता. बाहेर ट्रकांचे भोंगे वाजत होते, म्हणून तिनं खिडकी लावून घेतली आणि सृष्टीच्या छातीला, मग पाठीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. माणिकराव आणि भुजंगराव बाहेर बाकावर बसले. आत सोमेश्वर आणि नर्मदाबाई होते.

"शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?" डॉक्टरनं विचारलं.

"हळद काढायला लागले त्याच्या आधी."

"त्यानंतर नाहीच? का?"

नर्मदाबाईनं ओठ आवळले. पोरगी आता सावरून घेणार, हे तिला माहीत होतं. म्हणेल, कामाच्या गडबडीत राहून गेलं. मग घरी गेल्यावर त्या सावरण्याची किंमत वसूल करेल. तिच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं.

"आत्याबाईंनी जाऊ दिलं न्हाई," सृष्टी म्हणाली. दम लागत होता तरी ती थांबत थांबत बोलली. "त्यांना वाटलं, मी मूल होऊ नये म्हनून टोचून घेते. वन्संना तसं म्हनताना म्या ऐकलं व्हतं. म्या खरं सांगायला पायजे व्हतं. पन मामंजी म्हनले व्हते, बोलू नको. मला भ्या वाटलं. त्यांचं बी चुकलं आनि माझं बी."

डॉक्टरनं नर्मदाबाईकडे पाहिलं. नर्मदाबाईचे कान तापले. तीन वर्षांत ही पोरगी कधी उलट बोलली नव्हती, आणि बोलली ती परक्या माणसासमोर, तिच्या तोंडावर. तिला राग यायला हवा होता. पण आज सकाळपासून तिच्याशी सरळ बोललेलं घरातलं हे पहिलं माणूस होतं. लेकीनं कपाट उचकून वर तिचंच नाव पुढं केलं होतं, नवऱ्यानं घाम पुसला होता, पोरानं मान खाली घातली होती.

"व्हय," ती म्हणाली. "मीच अडवलं. आता मला सगळं सांगा डॉक्टरीनबाई. दुकानवाला म्हनला, हे गरमीच्या रोगाला देतात."

"त्यालाही देतात मावशी, खोटं नाही सांगितलं त्यानं. औषध एकच, दुखणी दोन-चार. हिचं दुखणं ते नाही. हिच्या घशात ते जंतू पुन्हा घुसू नयेत म्हणून हा पहारा आहे. तीन आठवडे पुरतो, मग उतरतो. तुमच्याकडे पहारा उठला आणि जंतू आत आले."

"आनि मूल?"

"या इंजेक्शननं मूल अडत नाही. गरोदर बाईलाही देतात हे."

"मंग तीन वर्षं काहून न्हाई?"

डॉक्टरनं सोमेश्वरकडे बोट केलं. "मी यांना लग्नानंतर लगेच सांगितलं होतं, नांदेडला नेऊन झडपेची सोनोग्राफी करून आणा, मग मुलाचं बघू, तोवर थांबा. अजून नेलं नाही."

"नांदेडला नेलं असतं तर तुला कळलं असतं, माय," सोमेश्वर पुटपुटला.

नर्मदाबाईनं पोराकडे पाहिलंही नाही. "आता काय करायचं?"

"आवाज आधीपेक्षा वाढलाय. झडप किती गळते ते नांदेडलाच कळेल. आजच जा, मी चिठ्ठी देते. तिथं दाखल करून घेतील, आराम लागेल, गोळ्या लागतील. सूज उतरेल. झडपेचं मात्र मी आत्ता काही कबूल करत नाही." डॉक्टर हात धुवायला उठली. "इंजेक्शन मी आत्ताच देते. आणि ते पुढची बरीच वर्षं चालेल, हळद असो नाहीतर लग्न असो."

आधी तिनं सृष्टीच्या मनगटाजवळ कातडीखाली थेंबभर टोचलं आणि फोड लाल होतो का ते पाहायला सगळ्यांना बसवून ठेवलं. नर्मदाबाई त्या ठिपक्याकडे टक लावून बसली. सोसत नाही त्याच्या जीवावर बेततं, हे पुनमचंदचं बोलणं तिच्या डोक्यात होतं. ठिपका तसाच राहिला. मग डॉक्टरनं भुकटीत पाणी सोडून कुपी हलवली. औषध दुधासारखं पांढरं, घट्ट झालं. सुई जाड होती.

"हिला धरा मावशी. हलली तर सुई अडकते."

सृष्टी कुशीवर वळली. नर्मदाबाईनं तिचा खांदा धरला. डॉक्टर दट्ट्या सावकाश, फार सावकाश दाबत होती. सृष्टीच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण तिनं सासूचं मनगट पकडलं आणि बांगड्या रुतेपर्यंत आवळलं.

"दुखतंय?"

"लई."

"दर खेपेला असंच?"

"व्हय."

"मंग घरी येऊन भाकरी कशी थापायचीस?"

"उभं राहून," सृष्टी म्हणाली.

नर्मदाबाईनं मनगट सोडवून घेतलं नाही.

*

नांदेडच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. भुजंगराव घरी बायकोला सांगून मोटारसायकलवर मागून येणार होते. सोमेश्वर गाडी चालवत होता, शेजारी माणिकराव. मागच्या सीटवर सृष्टी भिंतीला टेकावं तशी सासूच्या खांद्याला टेकली होती. सुजलेला घोटा नर्मदाबाईच्या पिशवीवर उंच ठेवला होता.

फोन वाजला. शिवकन्या होती.

"काय म्हनली डॉक्टरीन? तोच रोग ना?" तिचा आवाज गाडीत सगळ्यांना ऐकू येत होता. "माय, आता तरी फारकतीचं बघा. माझी नणंद अजून..."

"शिवकन्ये," नर्मदाबाई म्हणाली, "तू सकाळच्या गाडीनं साखऱ्याला जा. हळदीचं आमी बघू. आनि कपाटातल्या साड्या जशा व्हत्या तशा घडी करून ठेव."

तिनं फोन बंद केला. बऱ्याच वेळानं माणिकरावांनी मान मागे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"चला, एक बरं झालं. आता तरी विश्वास बसला ना?"

"बसला," नर्मदाबाई म्हणाली. "हिच्यावर बसला."

माणिकराव वाट पाहत राहिले. मग त्यांनी मान परत रस्त्याकडे केली. आरशात सोमेश्वरचे डोळे दिसत होते, तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"समोर बघ," ती म्हणाली. "आनि खड्ड्यातनं हळू ने. तिला दुखतंय."